अर्ध्यात कापलेली पायघडी

एक होता राजा. पण त्याला मुकुटापेक्षा रंधा जास्त आवडायचा. हो हो, रंधाच. सुतार लाकूड गुळगुळीत करतात ना, तोच. राजाचं नाव होतं येशू. त्याचं राज्य इतकं मोठं की पाखरू उडून दमेल. पण तो रथातून नाही फिरायचा, बरं का. एका करड्या गाढवावर बसायचा आणि गावोगाव जायचा. कुठं कुणी दुखणाईत असलं तर उशाशी बसायचा. कुठं कुणाचं काही मोडलेलं असलं तर नीट करून द्यायचा.

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी त्याला काही विणकर दिसले. उघड्यावर बसलेले. इथून हाकललेले, तिथून हाकललेले. ना घर, ना माग. मग राजा गाढवावरून उतरला. त्यानं बाह्या वर केल्या, लाकूड तासलं आणि घरटी एक माग स्वतःच्या हातानं करून दिला. मग विहीर खणली. मग वेस बांधली. विणकरांनी उंचावर एक गढी उभारली आणि तिच्यात राजासाठी सिंहासन मांडलं. गावाचं नाव पडलं धोटेपूर. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो. सकाळ झाली की गावभर खटक-खट, खटक-खट.

विणकर म्हणाले, "महाराज, तुम्ही परत याल ना, तेव्हा वेशीपासून सिंहासनापर्यंत पायघडी अंथरू. आमच्या हातची!" पायघडी ठाऊक आहे ना? मोठं माणूस घरी यायचं असलं की त्याच्या पायांखाली कापड अंथरतात, ती.

राजा हसला. म्हणाला, "अंथरा हो. पण एक लक्षात ठेवा. वेशीच्या दाराला अडसर आतून आहे. मी बाहेरून धक्का मारून येणार नाही. तुम्ही उघडलंत तर येईन."

आणि जाताना त्यानं दाजीबा नावाच्या माणसाला कारभारी नेमलं. काम काय? तर गाव सांभाळायचं आणि सिंहासनावरची धूळ झटकायची. बस्स.

मग काय, विणकरांनी वसा घेतला. वर्षाचं पहिलं कापड राजाचं. चार हात विणायचं, नीट घडी घालायची आणि गढीवरच्या मोठ्या पेटाऱ्यात ठेवायचं. त्या गावात आणखी एक रीत होती. मागावरचं कापड पुरं झाल्याशिवाय कुणी त्याला कात्री लावत नसे. अर्धं कापड कापलं तर घरात अवदसा शिरते, म्हणायचे. लेकरू रडलं तरी चालेल, पोळी करपली तरी चालेल, पण कात्री नाही म्हणजे नाही.

त्या गावात होती एक मुलगी. हौसा तिचं नाव. सात वर्षांची. नावासारखीच हौशी. एके सकाळी ती वेशीवरच्या कडुनिंबाखाली खेळत होती, तर दाराच्या फटीतून तिला एक करडं गाढव दिसलं. आणि गाढवावर तो! ती ओरडली, "बाबा, राजा आला!"

सगळं गाव धावलं. पण दारापाशी येऊन थबकलं. म्हातारे विणकर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे देवा! पायघडी चार हात कमी पडतेय!"

राजा बाहेरून म्हणाला, "राहू द्या ती. मी कापडासाठी नाही आलो. तुमच्यासाठी आलोय."

"असं कसं महाराज? अपुरी पायघडी अंथरली तर गावाची अब्रू जाईल. जरा थांबा, विणतोच!"

मग माग सुरू झाले. खटक-खट, खटक-खट. हौसानं आपली ओढणी काढली आणि दाराकडे पळाली. चार हातांच्या जागी तिची ओढणी पुरली असती, बरं का. पण बापानं तिचा दंड धरला. "वेडी का गं तू? फाटकी ओढणी राजाच्या पायाखाली?"

हौसानं ओढणी पुन्हा अंगावर घेतली. लहान होती ना. राजा दिवसभर उन्हात उभा राहिला. सूर्य डोंगराआड गेला. मग गाढवाच्या टापा ऐकू आल्या. टप, टप, टप. लांब, आणखी लांब. इकडे शेवटचा धागा विणून झाला तेव्हा बाहेर कुणीच नव्हतं.

मग वर्षं गेली. हौसा मोठी झाली. त्याच गावात केरबाशी तिचं लग्न झालं. हळदीचं अंग, हातात हिरवा चुडा, अंगावर नवा कोरा शालू. आणि वरात निघणार तेवढ्यात टप, टप, टप. राजा दुसऱ्यांदा आला!

आता पायघडी पुरी होती. लोक ती आणायला निघाले. पण मधे उभा राहिला दाजीबा कारभारी. या दाजीबाचंही एक सांगायचं राहिलं. आधी तो सिंहासनाची धूळ झटकायचा. मग पाय दुखतात म्हणून सिंहासनाच्या पायरीवर बसू लागला. मग कडेला टेकू लागला. कुणी काही बोलत नाही बघून मग मांडी घालून ऐसपैस बसला. आता तो कसला राजाला आत येऊ देतो!

म्हणाला, "अरे, वर्षानुवर्षं विणलेलं कापड. त्याच्यावरून काय गाढव चालवणार? शेणाचे खूर! सगळी नक्षी मळेल. त्याला सांगा, घोड्यावर बसून ये."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. विणकराला मळलं कापड म्हणजे काळजात सुई, बरं का. त्यांना ते पटलं.

हौसाला मात्र राहवेना. ती शालूचा पदर सोडून दाराकडे निघाली. तर सासूबाईंनी हात धरला. ती सासूबाईंना आत्याबाई म्हणायची. आत्याबाई मोठ्या तोंडाळ. म्हणाल्या, "सूनबाई, जरीचा शालू आहे तो, पोतेरं नाही! मळला तर डाग जन्माचा."

नवी नवरी ना ती. हौसा खाली मान घालून उभी राहिली.

सूर्य डोंगराला टेकला. मग बाहेरून आवाज आला. रागाचा नव्हता, दुखावलेल्या माणसाचा असतो तसा. "मी आणखी एकदा येईन. एकदाच. हा कडुनिंब फुलेल त्या दिवशी, दिवस मावळेपर्यंत उभा राहीन. मग या वाटेनं येणं नाही."

टप, टप, टप. गेला.

हौसानं घरी येऊन शालू पेटीत ठेवला. पुन्हा नेसली नाही. केरबानं विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "अंथरायचा होता. अंथरला नाही. आता अंगाला टोचतो."

आणि त्या दिवशी तिनं मनाशी गाठ मारली. रोज पहाटे उठायचं. वेशीपासचा रस्ता झाडायचा. सडा घालायचा. बोटभर का होईना, रांगोळी काढायची. आणि कडुनिंबाकडे बघायचं. घेतला वसा टाकायचा नाही.

दाजीबाला हे कळलं. तो म्हणाला, "कडुनिंबच नको!" मग मोहोर यायच्या आतच त्यानं फांद्या तोडल्या. हौसा बुंध्याजवळ सडा घालू लागली. मग त्यानं बुंधा तोडला. हौसा खोडक्याजवळ रांगोळी काढू लागली. मग त्यानं खोडक्यावर एक भली थोरली शिळा आणून ठेवली आणि दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! राजा म्हणजे दाजीबा! त्या गाढववाल्यासाठी जो कुणी चिंधीसुद्धा अंथरेल, त्याचा माग मोडला जाईल, आणि त्याला वेशीबाहेर हाकललं जाईल!"

बायका नळीवर सूत गुंडाळता गुंडाळता हौसाला म्हणायच्या, "अगं हौसे, दगडाला कधी मोहोर येतो का?" हौसा म्हणायची, "दगडाला नाही येत. पण दगडाच्या खाली काय आहे ते दगडाला कुठं ठाऊक असतं?"

असं करता करता चोवीस वर्षं गेली. हौसाच्या केसांत रुपेरी धागे आले. आत्याबाईंची नजर मंदावली, जीभ मात्र होती तशीच.

मग एका चैत्रात काय झालं, हौसा घागर घेऊन वेशीवरून चालली होती. तर वास आला. कडवट, गोड. ती थांबली. वाकून बघते तर काय! शिळेच्या खालून करंगळीएवढा कोंब बाहेर आला होता. लालसर पानं. आणि टोकाला इवलीइवली पांढरी फुलं!

घागर तिथंच फुटली. ती फटीला डोळा लावून बघते, तर बाहेर करडं गाढव. आणि गाढवाशेजारी, उन्हात, तो. तस्साच. एक दिवसानंही म्हातारा झाला नव्हता. त्यानं नुसतं विचारलं, "हौसा, आज उघडशील?"

पळाली हौसा. घरात आली, तर अंथरायला काय? वर्षावर्षाचं कापड गढीवर कुलपात. मागावर या वर्षीचं लावलेलं, ते अर्धंच झालेलं. नक्षीतल्या वेलीला पानं आली होती, फुलं यायची होती. तिनं फळीवरची कात्री घेतली.

केरबा ओरडला, "अगं, काय करतेस? अर्ध्यात? घर बुडेल आपलं!"

हौसा म्हणाली, "अहो, सात वर्षांची होते तेव्हा बापाचं ऐकलं. सोळा वर्षांची होते तेव्हा आत्याबाईंचं ऐकलं. दोनदा ऐकलं. दोनदा तो गेला. आता तिसऱ्यांदा कुणाचं नाही ऐकायची!"

आणि तिनं कापड कापलं. कर्रर्र! त्या गावात तो आवाज कुणी कधी ऐकलाच नव्हता. शेजारपाजारचे माग आपोआप थांबले.

केरबा मागापाशीच राहिला. भला माणूस, पण भित्रा हो. सगळी भाकरी त्या मागावर.

हौसा निघाली. तेवढ्यात मागून काठीची ठक ठक. आत्याबाई पेटी चाचपत होत्या. त्यांनी शालू बाहेर काढला. जर काळवंडलेली, पदराची चाळण झालेली. म्हणाल्या, "चोवीस वर्षं जपला. बघ, कसर लागली. कसरीनं नाही गं, माझ्या जिभेनं खाल्ला तो. हाही घे. मळू दे एकदाचा. आणि माझा हात धर, मला दिसत नाही."

मग दोघी निघाल्या. एकीच्या खांद्यावर अर्धं कापड, दुसरीच्या हातात चाळण झालेला शालू. रस्त्यात दारं लागत गेली, खिडक्या किलकिल्या होत गेल्या. हौसानं वेशीच्या आत, अगदी दाराला चिकटून, कापड अंथरलं. पुढं शालू अंथरला. झाली बघा पायघडी. सगळी मिळून वीसेक हात.

मग दाजीबा आला. पालखीतून आला, कारण गढीवरून वेशीपर्यंत चालायची सवय मोडली होती. मागे भालेवाले शिपाई. त्यानं पायघडीकडे बघितलं आणि खो खो हसला.

"ही पायघडी? आणि तो राजा? अगं बाई, गाढवावर बसणारा कधी राजा असतो का?"

हौसा म्हणाली, "कारभारी, त्याचं गाढव निदान त्याच्या खाली असतं. आमच्या गावात ते सिंहासनावर बसलंय!"

खिडक्यांच्या आत खसखस पिकली. एका शिपायानं भाल्याआड तोंड लपवलं. दाजीबा लालबुंद झाला.

"माग मोडीन तुझा!"

"मोडा. माग त्यानंच दिला होता. तुम्ही नव्हता दिला."

"वेशीबाहेर हाकलीन!"

"हाकला ना! तो तिथंच तर उभा आहे!"

दाजीबानं हात वर केला. दोन शिपाई हौसाच्या घराकडे धावले. थोड्या वेळानं लांबून आवाज आला. कडाड! मग पुन्हा, कडाड! हौसानं डोळे मिटून घेतले. तिच्या आजेसासऱ्याचा माग, बरं का. राजाच्या हातचा. त्याच्यावर तिच्या बोटांचे ठसे होते, पोराबाळांच्या बाळुत्यांचं कापड त्याच्यावर झालं होतं. दोन थेंब गालावर आले. तिनं ते पुसले नाहीत. सूर्याकडे बघितलं. सूर्य डोंगराच्या वर वीतभर राहिला होता.

मग तिनं अडसराला हात घातला. अडसर म्हणजे अख्खं सागाचं खोड. चोवीस वर्षं हललं नव्हतं. तिनं जोर लावला. हललं नाही. मग आत्याबाईंनी काठी टाकली आणि दोन्ही हात लावले. "हं, लाव सूनबाई, लाव!" तरी हललं नाही. दाजीबा आरामात पालखीत टेकला. म्हणाला, "लावा, लावा. दिवस बुडेपर्यंत लावा."

सूर्य चार बोटं राहिला.

तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी धावत आलं. धापा टाकत, घामानं निथळत. कोण असेल? केरबा! भित्रा केरबा! आणि त्याच्या खांद्यावर होतं मोडक्या मागाचं आडवं लाकूड. मागातलं सगळ्यात जाड, सगळ्यात लांब.

शिपाई आडवे आले. केरबा म्हणाला, "दादांनो, माझ्याकडं मोडायला आता काही उरलं नाही. म्हणून भीती पण उरली नाही. सरा बाजूला!"

आणि शिपाई सरले हो! खरंच सरले.

केरबानं ते लाकूड अडसराखाली घातलं. तिघंही त्याच्या टोकावर लोंबकळली. म्हातारी आत्याबाईसुद्धा! आणि अडसर कुरकुरला. मग हलला. मग उचलला गेला आणि धाडदिशी खाली पडला. दाजीबानं माग मोडला नसता ना, तर ते लाकूड सुटं झालंच नसतं. बघा कशी गंमत.

दार उघडलं. समोर लाल ऊन. आणि उन्हात राजा.

त्यानं गाढवाला हळूच टाच दिली. गाढवानं पहिलं पाऊल टाकलं, हौसाच्या अर्ध्या कापडावर. शेणामातीचा खूर! आता डाग पडणार. खूर उचलला गेला आणि बघतात तर काय, डाग नाही. खुराखाली फूल विणलेलं! वेलीला पानं होती ना? आता फुलंही आली. दुसरं पाऊल, दुसरं फूल. शालूवर पाऊल पडलं आणि कसरीनं खाल्लेलं एकेक भोक जरीच्या बुट्टीनं भरून आलं.

पण वीस हात केवढे? संपले. गाढव थांबलं. पुढं नुसती धूळ.

हौसा मागे वळली आणि गावाकडे बघून ओरडली, "अहो, दारं काय लावून बसलात? पुरं कापड शोधू नका. हाताला येईल ते आणा! सूर्य बघा, सूर्य!"

एक दार उघडलं. कुणी अंगावरचं उपरणं फेकलं. मग कुणी गोधडी आणली. मग कुणी पाळण्यातलं दुपटं. शिपायांनी कमरेचे शेले सोडले. ज्याच्या त्याच्यावर फुलं उमटत गेली. काही जण मात्र गढीकडे धावले. मोठा पेटारा फोडला, वर्षानुवर्षांची पायघडी काढायला. तर काय? हात लावताच भुगा! जपून जपून सगळी कसरीनं खाल्लेली. रडतच परतले बिचारे. मग त्यांनी डोक्यावरची मुंडाशी अंथरली. ती गढीच्या पायऱ्यांपर्यंत पुरली.

दाजीबा या गोंधळात गढीवर पळाला होता. सिंहासनाला दोन्ही हातांनी कवटाळून बसला होता. राजानं त्याला खालून हाक मारली, "दाजीबा, ये." तो म्हणाला, "नाही येत." राजानं पुन्हा हाक मारली, "दाजीबा, अरे ये." तो म्हणाला, "उद्या बघू." सूर्य नखाएवढा उरला. राजानं तिसऱ्यांदा हाक मारली, आणि हात पुढं केला. त्या हाताच्या मधोमध जुनी जखम होती. आरपार गेलेल्या खिळ्याची. दाजीबानं ती बघितली. नुसतं सिंहासनावर बसून हाताला अशी जखम कधी होत नसते, ती दुसऱ्यांसाठी सोसणाऱ्याला होते, हे त्याला ठाऊक होतं.

तो उठला. अनवाणी पायऱ्या उतरला. पगडी काढली आणि धुळीत अंथरली. म्हणाला, "महाराज, फार उशीर झाला का हो?"

राजा म्हणाला, "नखाएवढा सूर्य आहे. नख पुरे."

आणि दिवस मावळला. आता तुम्ही विचाराल, नखसुद्धा उरलं नसतं तर? ते कुणालाच ठाऊक नाही, बाळांनो. ते कुणी करूनही बघू नये.

मग राजा गढीवर गेला असेल ना? छे! तो गेला हौसाच्या अंगणात. मोडका माग तुकडे तुकडे होऊन पडला होता. राजानं बाह्या वर केल्या. केरबाला म्हणाला, "रंधा आहे का रे घरात?" मग दिव्याच्या उजेडात त्यानं एकेक लाकूड तासलं, जोडलं, खुंट्या ठोकल्या. वेशीवर नेलेलं मागाचं आडवं लाकूडही परत बसवलं. आणि हौसानं कापलेला एकेक धागा हातात घेतला आणि गाठ मारली. गाठ, गाठ, गाठ. आत्याबाई दारात बसून म्हणाल्या, "महाराज, आमच्याकडं अर्धं कापड कापलं तर अवदसा येते म्हणतात."

राजा हसून म्हणाला, "आत्याबाई, आज कोण आलं?"

आत्याबाईंना, बरं का, तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा स्पष्ट दिसला.

धोटेपूरच्या वेशीला त्या दिवसापासून अडसर नाही. शिळा कधीच बाजूला झाली, कडुनिंब पुन्हा डेरेदार झाला. दाजीबा आता त्याच्या सावलीत येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देतो. सिंहासन तिथंच आहे. त्याच्यावर राजा बसतो, आणि पोरं त्याच्या मांडीवर. हौसा रोज वेशीत सडा घालते. केरबा तिला चिडवतो, "आता कशाला? आला ना तो." ती म्हणते, "आला म्हणूनच!"

तशी ती सगळी सुखात राहिली. तुम्हीही राहा. आणि तुमच्या दाराशी टप, टप, टप ऐकू आलं ना, तर "चार हात राहिलेत" म्हणू नका. उशाशी असेल ते पांघरूण घ्या आणि पळत सुटा.

चला, आता तेच पांघरूण डोक्यावरून घ्या. डोळे मिटा. झोपा बरं.